बादली भरायच्या आत

यमुनाबाईला उखाण्याची ओळ ऐकवल्याशिवाय रुआबांध्याच्या आमच्या वस्तीतल्या नळाखाली कुणाची बादली लागत नसे. वीस झोपड्यांना मिळून एक नळ, पाणी सकाळी तासभर, आणि नळाशी यमुनाबाई पदर खोचून उभी. ती भंडाऱ्याकडची. नवरा सोमाजी शेजारी उभ्या राहत असलेल्या कारखान्यावर खलाशी, म्हणजे उंचावर लोखंडी तुळया जोडणारा. तिला अक्षर येत नव्हतं, पण उखाणे तिच्या तोंडातून लाह्यांसारखे फुटत. पहिल्याच दिवशी तिनं मला ऐकवलं:

"नळाले आलं पानी, घागरीले पडलं भोक,
सोमाजीचं नाव घेते, बाजूले सरा लोक!"

मी दुर्गची, मॅट्रिक झालेली, लग्न होऊन या वस्तीत आलेली. लग्नाच्या पेटीत साड्यांच्या वर माझी कवितांची वही होती. तीत 'हे रजनी' होतं, 'हे चंद्रिके' होतं. पण लग्नानंतरच्या आठ महिन्यांत एक ओळ उतरली नव्हती. लिहायची, खोडायची, पान फाडायची. आपल्यातली कविता संपली, या भीतीनं घास गोड लागेना. यमुनाबाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "संपाले ते का तेल आहे वो? उद्यापासून नळावर म्हनजो."

तिचे नियम कडक होते. सोनं, चांदी, चंद्र, महादेवाची पिंड बंद. नळावरून जे दिसेल तेच ओळीत घ्यायचं. आणि बादली भरायच्या आत ओळ संपली पाहिजे, नाहीतर त्या दिवशी सगळ्यांच्या घागरी उचलून द्यायच्या. पहिल्या दिवशी 'शुभ्र' की 'धवल' हे ठरवता ठरवता माझी बादली भरून वाहू लागली. तिनं नळ बंद केला. "पानी तुयी वाट पाहत नाही. तू ओळीची वाट कावून पाहून राहिली?" आठवडाभर रोज मी घागरी उचलून दिल्या.

शनिवारचा खेळ वेगळाच होता. त्या दिवशी वाईटात वाईट उखाणा करायचा, आणि जिचा सगळ्यात भिकार ठरेल तिला दुसऱ्या दिवशी नळावर पहिला नंबर. पहिल्या नंबरासाठी बायका काय वाटेल ते करत. मीही पदर खोचला:

"कारल्याची केली भाजी, मीठ पडलं फार,
ह्यांनी एक घास खाल्ला, मागच्या दारानं पसार!"

बायका हसून लोळल्या. पहिला नंबर माझा झाला, आणि घरी जाऊन मी वहीत एक अख्खं पान लिहिलं, न खोडता. यमुनाबाईला सांगितलं तेव्हा तिला नवल वाटलं नाही. "लाज गेली का गानं येते," एवढंच म्हणाली.

मग तो रविवार आला. रोज तुळयांवरून मांजरीसारखा चालणारा सोमाजी आपल्याच झोपडीच्या छपरावर वेल नीट करायला चढला आणि घसरून डोक्यावर पडला. आम्ही त्याला कारखान्याच्या जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि म्हणाले, "दो घंटे इनको सोने मत दीजिए। बात करते रहिए।"

यमुनाबाई खाटेचा गज धरून बसली. सोमाजीचे डोळे मिटायला लागले. मी म्हटलं, "यमुनाबाई, बोला ना काहीतरी!" "मले काहीच सुचून नाही राहिलं वो," ती म्हणाली. तिला न सुचलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. शब्द निवडायला वेळ नव्हता. समोर दिसलं तेच घेतलं आणि ओरडले:

"लाल रंगाचं घोंगडं, लोखंडाची खाट,
भोपळ्यानं लावली सोमाजीभाऊंची वाट!"

शेजारच्या खाटेवरचा माणूस दचकला. सोमाजी तसाच पडून होता. मग त्याचा एक डोळा हळूच उघडला.

"भोपळा नाही वो बाई," तो पुटपुटला, "दोडका होता."

यमुनाबाईच्या तोंडून रडू आणि हसू एकदमच बाहेर पडलं, आणि पाठोपाठ ओळ:

"डोक्याले पांढरी पट्टी, गार पडला हात,
सोमाजी, डोये उघडा, घरी निवून राहिला भात!"

उखाण्यात नवऱ्याचं नाव घेता येतं. त्या नावानं त्याला हाक मारता येत नाही. तिनं मारली. सोमाजीचे दोन्ही डोळे उघडले. "मले नावानं बलावलं तू?" तो म्हणाला. "थांब, साऱ्या रुआबांध्यात सांगतो!" त्यानंतर दोन तास आम्ही दोघींनी त्याला डोळा लागू दिला नाही. कंपाउंडरचे बूट, डॉक्टरांचा चष्मा, भिंतीवरची पाल, सगळ्यांवर ओळी झाल्या. चौथ्या दिवशी सोमाजी पायी घरी आला.

पुढे कारखान्याचे पक्के क्वार्टर मिळाले, नळ घरात आला, आणि आम्ही पांगलो. यमुनाबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माझ्या कविता मासिकांत छापून आल्या, कौतुक झालं. तुमची सगळ्यात चांगली ओळ कोणती, असं लोक विचारतात. मी भोपळ्याची सांगते. लोकांना ती थट्टा वाटते. पण ती ओळ चुकली होती, आणि ती दुरुस्त करायला एक माणूस परत आला होता.