पिवळी भिंगं

जपानमधल्या नामेरिकावा गावच्या समुद्रात वसंतात काजव्यासारखे चमकणारे छोटे माकूळ, काजवा-माकूळ, आले की सुमिएचं कामही सुरू होतं. बंदरावरच्या प्रदर्शनात, भरदिवसा काळोख केलेल्या खोलीत हौदापाशी उभं राहून ती पाहुण्यांना सांगते, "हे पोटावरचे दिवे मिरवायला नाहीत हो, लपायला आहेत! खोल पाण्यात शत्रू खालून वर बघत असतो. वरून झिरपणाऱ्या उजेडात काळी सावली दिसली की संपलंच. म्हणून हा पठ्ठ्या पोटाशी वरच्याइतकाच उजेड पाडतो आणि दिसेनासा होतो."

पाहुणे हसतात, सुमिएही हसते. हसण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नाही. नवरा गेला तेव्हा भेटायला आलेल्यांना तिनं हसूनच चहा दिला. झालं, सुमिए खंबीर आहे असं गावानं ठरवून टाकलं. आणि एकदा का माणूस खंबीर ठरला, की त्याला कसा आहेस म्हणून विचारायची कुणाला गरज वाटत नाही. सासूबाई, फुसानो, कंबर मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. नणंद दोन गल्ल्या सोडून राहते, पण तिचं म्हणणं, "वहिनीला कुठं काय जड जातं?"

कानाझावाहून थोरल्या बहिणीचा, काझुयोचा फोन आला होता. "दुकानात माणूस हवंय मला. वरची खोली रिकामीच आहे. रविवारी विचारीन, हो म्हण नाहीतर नाही म्हण. यंदा मी थांबणार नाही बाई."

सुमिएला जायचं होतं. या घरात तिचा जीव घुसमटत होता. रोज ती मनाशी ठरवून सासूच्या उशाशी जाई, आणि तिथं पोचताच तोंड आपोआप हसरं होई. मग काय बोलणार, कपाळ?

रविवारी दुपारी ती उशाशी बसून उकडलेल्या माकुळांचे डोळे चिमट्यानं उपटत होती. ते दाताखाली आलेले सासूबाईंना खपत नसत.

"आज काय सांगितलंस गं लोकांना?" फुसानोंनी विचारलं.

"काही मासे फसत नाहीत म्हटलं. त्यांच्या डोळ्यांची भिंगं पिवळी असतात. त्यांना पोटाचा दिवा वेगळा आणि वरचा उजेड वेगळा दिसतो."

"असं होय!" म्हातारी खुदकन हसली. "माझीही पिवळीच झालीत की. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदूनं. आणि बघतेही मी खालूनच."

चिमटा थांबला.

"तुझं हसू खोटं आहे, पोरी. माझा लेक गेला त्या दिवसापासून दिसतंय मला."

"मग बोलला का नाहीत, आई?"

"बोलले असते तर तू गेली असतीस."

सुमिएला असा राग आला की हातातला माकूळ चिरडला गेला. "मग आज कशाला बोलताय?"

"उद्या ऑपरेशन ना. नवं स्वच्छ भिंग बसवणार म्हणे. मग मलाही सगळ्यांसारखं नुसतं हसूच दिसेल. आणि मी आनंदानं फसेन, मला ठाऊक आहे."

फोन वाजला. सुमिएनं उचलला.

"काय मग?" काझुयोनं विचारलं.

"ताई..." आणि सुमिएला रडू फुटलं.

"अगं, रडतेस? तू? काय झालं?"

"मला यायचंय."

फुसानोंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.