आप्पांचं कार्टून

काल दातांच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसले होते. समोरच्या टीव्हीवर मांजर उंदराच्या मागे धावत होतं आणि आवाज बंद होता. खोलीत कुणाचं त्याच्यामुळे काही अडत नव्हतं.

माझ्या वडिलांना, आप्पांना, ऐकू येत नसे. सिनेमा लागला की ते सारखे आईला विचारायचे, "काय म्हणाला गं तो?" आई हातवारे करून सांगेपर्यंत पडद्यावर पुढचं घडून गेलेलं असायचं आणि आप्पा आमचं हसून झाल्यावर, एकटेच हसायचे. या मांजराच्या कार्टूनमध्ये मात्र कुणी बोलतच नाही. रविवारी सकाळी ते लागलं की आप्पा दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून येऊन बसायचे आणि आमच्याबरोबर, कधीकधी आमच्याही आधी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. तेवढा वेळ आमच्या घरात सगळ्यांना सारखंच ऐकू येई.

आप्पांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. काल ते मांजर भिंतीवर आपटून पापडासारखं चपटं झालं आणि मला हसू फुटलं. हसता हसता मी सवयीने शेजारी वळून पाहिलं, आप्पा हसताहेत का ते. तिथे एक अनोळखी आजी बसल्या होत्या.

"लागलं असेल हो बिचाऱ्याला," त्या कळवळून म्हणाल्या.

"नाही आजी, ते लगेच उठतं. दरवेळी उठतं," मी म्हणाले, आणि ते उठेपर्यंत टीव्हीकडे बघत राहिले.