परीक्षेचे संत आणि फुलांच्या आजी

जपानात, त्सुकुबाच्या आमच्या चर्चमध्ये वेदीवर फुलं लावणाऱ्या आजी नसत्या, तर आज मी वसईला आईची बोलणी खात बसलो असतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझी अक्कल फारशी कुठे दिसणार नाही.

मी नववीत शाळा सोडली. इथे एका भारतीय हॉटेलात तंदूर सांभाळतो. मालक पुण्याचे. त्यांनी संशोधन संस्थांमध्ये दुपारचे डबे पोचवायचं काम घेतलं आणि मला म्हणाले, "लायसन काढ. पुढच्या करारात तंदूर आणि गाडी मिळून एकच माणूस ठेवणार." करार गेला की व्हिसाही गेला.

गावचं लायसन होतं, पण ते इथे बदलून घ्यायला आधी लेखी परीक्षा, मग गाडी चालवून दाखवायची. लेखी परीक्षा म्हटलं की मला अजून गणिताच्या सरांचा उडता खडू दिसतो.

आम्हा कॅथलिकांना मात्र प्रत्येक अडचणीला एक संत असतो. परीक्षेचेही आहेत. बिचारे अभ्यासात माझ्यासारखेच. आई त्यांचं चरित्र सांगायची: त्यांना शुभवर्तमानातली एकच ओळ नीट समजावता यायची आणि परीक्षेत नेमकी तीच आली. पुढे ते प्रार्थना करता करता जमिनीवरून वर तरंगायचे म्हणे. मला तेवढं नको होतं.

मी त्यांचाच मार्ग धरला. पुस्तकातलं रेल्वे फाटकाचं प्रकरण तोंडपाठ केलं, बाकी त्यांच्यावर सोडलं. फाटकावर एक प्रश्न आला. तो बरोबर आला. मी नापास झालो.

मालक म्हणाले, "आता तुझ्या संतांनाच सांग डबे पोचवायला."

रविवारी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना संपल्यावर आजी शेवंतीचे देठ कापत होत्या. त्यांना माझ्या मोडक्या जपानीत सगळं सांगितलं.

"ते संत परीक्षेआधी काय करायचे?" त्यांनी विचारलं.

"प्रार्थना."

"आणि?"

"तबेल्यात खेचराची देखभाल."

"रोज?"

"रोज."

"म्हणजे तू पुस्तकातलं एकच प्रकरण वाचलंस, आणि चरित्रातलंही एकच."

आजींनी वयामुळे स्वतःचं लायसन परत केलं होतं, पण नियम सगळे डोक्यात होते. दुपारी हॉटेल बंद असायचं तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात. चॉपस्टिक म्हणजे रस्ते, सूपच्या वाट्या म्हणजे गाड्या, उमेबोशी, म्हणजे ती खारवलेली आंबट फळं, पादचारी.

"पादचारी रस्ता ओलांडतोय. तू काय करशील?"

"थांबेन."

"थांबला नाहीस. खाल्लास त्याला."

मी घाबरलो की खातो. त्या महिन्यात मी बरेच पादचारी संपवले. लेखी मात्र पास झालो.

गाडीच्या परीक्षेला शेजारी पांढरे हातमोजे घातलेले परीक्षक. मी इंजिन सुरू केलं, क्रुसाची खूण केली आणि सवयीने डोळे मिटून प्रार्थना म्हणू लागलो. प्रार्थना संपायच्या आत मी नापास.

आजी हसून हसून खुर्चीत बसल्या. "देवाला उघडे डोळे चालतात," त्या म्हणाल्या. "आणि तरंगायचं संतांनी. तुझी चारही चाकं खाली राहू देत."

पुढच्या खेपेला मी आरशांतच प्रार्थना केली. पित्याच्या, म्हणून डावा आरसा. पुत्राच्या, म्हणून उजवा. पवित्र आत्म्याच्या, म्हणून मान वळवून मागे. आमेनला गाडी हलली. परीक्षक म्हणाले, इतकं मनापासून बघणारे कमी असतात. मी पास झालो. मालकांनी करार वाढवला आणि त्याच दिवशी डबे माझ्या हाती दिले.

आजींच्या यजमानांची कबर टेकडीवर आहे. लायसन परत केल्यापासून त्या तिकडे गेलेल्या नाहीत. बस खालीच थांबते आणि गुडघे वर नेत नाहीत. मालकांची गाडी फक्त डब्यांसाठी, म्हणून मी स्वतःची जुनी का होईना, एक घेणार आहे. मागच्या सीटवर शेवंती, पुढे आजी, आणि मी त्यांना थेट वरपर्यंत नेईन. वाटेत एक रेल्वे फाटक लागतं. तिथे मी थांबून दोन्हीकडे बघेन. ते प्रकरण मला पाठ आहे.