अर्ध्या श्वासाची बाई आणि आमचे साडू

आमच्या साडूंसारखा कान अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नव्हता, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. त्या कानाला त्याच्या हक्काची एक मैफल मिळायची होती आणि ती माझ्यामुळे हुकली, हे मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान; आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, टर्बाइनवर झाली. हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचं, मूठ कानाला टेकवायची आणि आतलं बेअरिंग काय म्हणतंय ते ऐकायचं, ही त्यांची विद्या. निवृत्त झाले तरी स्क्रू ड्रायव्हर पिशवीत असायचाच. माझ्या मुलासाठी मुलगी बघायला गेलो, तर पोहे येईपर्यंत अण्णांनी तो त्या घरच्या फ्रिजला लावला आणि मुलीच्या बापाला सांगून टाकलं, "हा काही दिवाळी बघत नाही." फ्रिज दसऱ्यालाच बंद पडला म्हणे. सोयरीक त्याआधीच मोडली होती.

अशा माणसाचा जीव जडावा कुणावर, तर परदेशातल्या एका जॅझ गाणाऱ्या बाईवर. अण्णा घसरून पडले, पाय प्लास्टरमध्ये, करायला काही नाही. मोबाइलवर अभंग संपला आणि पुढे आपोआप ही बाई लागली. ऐकता ऐकता उठून बसले. "हिच्या भात्यात काहीतरी बिघाड आहे," म्हणाले. त्यांच्या मुलीनं शोधून वाचून दाखवलं, तर खरंच. मोटारीच्या अपघातात बाईच्या बरगड्यांचा चुरा झालेला, एक फुप्फुस निकामी, डॉक्टरांनी गाणं विसरा म्हणून सांगितलेलं. बाईनं काय करावं, तर गाणंच आपल्या श्वासाच्या मापानं बेतून घेतलं. चार शब्द, मग थांबून एक श्वास, मग पुन्हा चार शब्द. "अर्ध्या मशीनवर पूर्ण लोड घेते हो ही," असं म्हणून अण्णा चक्क डोळे पुसायचे. इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. त्यावरून मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, "टर्बाइन काय माझ्याशी मराठीत बोलायचं?" दाद द्यायची पद्धतही अचाट. सुराबिराला दाद नाहीच, बाईनं श्वास घेतला की मांडीवर थाप मारून मोठ्यांदा म्हणायचं, "घेतला!" ताई स्वयंपाकघरातून ऐकवायच्या, "मला जिना चढताना धाप लागते, तेव्हा नाही कुणी घेतला म्हणत."

मग एका हिवाळ्यात ती बाई दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत गायला येणार, असं कळलं. अण्णा सकाळी सकाळीच माझ्या दारात. "साडूभाऊ, काहीही करा, पण मला न्या. आमच्या घराण्यात साठी उलटली की कान जातात. वडिलांचे गेले, थोरल्या भावाचे गेले. माझा डावा गेलाच आहे. उजवा आहे तोवर तिला एकदा समोर बसून ऐकायचंय." एरवी कुणाकडे चहा न मागणारा माणूस हा. मी माझ्या ऑफिसातल्या साहेबांकडे शब्द टाकला आणि दोन पास मिळाले, पण नेमके साहेबांच्या शेजारच्या खुर्च्यांचे. झालं. सगळी बाग चिडीचूप आणि साहेबांच्या कानाशी "घेतला", हे चित्र काही माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी अण्णांना फोन केला आणि पास संपले म्हणून सांगितलं. "असू द्या हो, तुम्ही काय कमी खटपट केली असेल," असं उलट तेच माझी समजूत घालत राहिले.

ऑफिसातल्या एकाला घेऊन मी गेलो. बाई स्टुलावर बसून गात होती. पुढचे लोक एकमेकांचे फोटो काढत होते, साहेब हातातला ग्लास न्याहाळत होते. ती थांबायची, श्वास घ्यायची, आणि त्या श्वासाकडे एकाचंही लक्ष नव्हतं. एकदा माझाच हात मांडीकडे गेला. साहेबांकडे बघून मी तो खिशात घातला. तिचं गाणं कळणारा एकच माणूस होता, तो त्या गर्दीत नव्हता, आणि त्याला मी नाशिकरोडला घरी बसवून आलो होतो. लाज वाटली. अजून वाटते.

पुढच्या गणपतीपर्यंत अण्णांचा उजवा कानही गेला. यंत्र लावून पाहिलं, उपयोग झाला नाही. परवा दुपारी गेलो, तर जुन्या स्पीकरच्या लाकडी खोक्याला स्क्रू ड्रायव्हर टेकवून, मूठ हनुवटीला लावून बसले होते. बाई घरभर घुमत होती. मी शेजारी बसलो आणि इतकी वर्षं घशात अडकलेलं एकदाचं बोललो, "अण्णा, पास होते. दोन होते. मला तुमची लाज वाटली. चुकलो मी."

माझे ओठ हलताना बघून ते हसले. बोट वर करून त्यांनी मला थांबवलं. "बोलू नका. आता येईल."

बाई थांबली. खोक्याची थरथर थांबली, तशी अण्णांनी माझ्याच मांडीवर थाप मारली.

"घेतला," ते म्हणाले.

"घेतला," मीही म्हणालो, चांगलं मोठ्यानं. ते त्यांना ऐकू गेलं नाही.