चार नंबरची वाटी

मिस्त्रींना त्यांची बायको थंडोबा म्हणायची. घर पेटलं तरी हा माणूस आधी किती डिग्री ते विचारेल, असं ती शेजारणींना रंगवून सांगे. पण बत्तीस वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये काढलेल्या माणसाला घाम फुटावा तरी कशाने? उणे अठरा डिग्रीच्या खोलीतून ते बाहेर येत, तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या, पाठीमागून धुक्याचे लोट. एखाद्या सम्राटाने प्रवेश करावा तसा थाट. टाळ्या वाजवायला मात्र समोर फक्त वॉचमन असे, आणि तोही बहुधा डुलक्या घेत.

मालक थकले आणि त्यांच्या खुर्चीवर जावई आले. जावईबापू दिसायला राजबिंडे, वागायला गोड. पण पदरी शब्द एकच, कूल. गाडी वेळेवर आली, कूल. दोन तास उशिरा आली, तरी कूल. हमालांनी मजुरी वाढवून मागितली तर “कूल, बघू,” म्हणजे विषय संपला. कोणी तावातावाने बोलू लागला तर “कूल, कूल,” म्हणजे तोंड आवर. पहिले आठ दिवस मिस्त्री तो शब्द ऐकला की थर्मामीटर बघून येत. शेवटी त्यांनी नर्सिंग शिकणाऱ्या मुलीला विचारलं.

“अगं, कूल म्हणजे नक्की काय?”

“छान. नाहीतर, ठीक आहे. नाहीतर, मला काही फरक पडत नाही. सुरावरून ओळखायचं, बाबा.”

“आणि गार?”

“गारसुद्धा. पण त्या अर्थाने आता कोण वापरतंय?”

“आमच्याकडे त्याच अर्थाचं भाडं घेतात,” मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी ताट पुढे ओढलं.

महिनाभरात मिस्त्रींना अठ्ठावन्न पुरी होणार होती. दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली तर मुलीचं शिक्षण पार पडणार होतं. तसं पत्र टाईप होऊन जावईबापूंच्या खणात पडलं होतं. राहिली होती फक्त सही.

जावईबापूंनी ऑफिसच्या भिंतीवर भलामोठा स्क्रीन लावून घेतला. चारही खोल्यांत सेन्सर, स्क्रीनवर निळे आकडे, बघत बसावं असा देखावा. मिस्त्रींची रीत निराळी होती. प्रत्येक खोलीत गोठलेल्या पाण्याची एक वाटी आणि बर्फावर एक बोल्ट. खोली मध्येच तापली तर बर्फ वितळतो आणि बोल्ट तळाशी जातो. पाणी पुन्हा गोठलं तरी बोल्ट वर येत नाही.

“काका, तुमचं हे म्युझियम कधी हलवणार?” जावईबापू विचारत.

“मी हललो की, साहेब.”

मग मिस्त्री दोन दिवस मेहुण्याकडे जाऊन आले. सोमवारी सकाळी चार नंबरच्या खोलीत शिरले, तर वाटीतला बोल्ट तळाशी. बाहेर ट्रक उभा होता. त्याच खोलीतली चिकनची चाळीस खोकी मुलींच्या हॉस्टेलला जायची होती आणि पावतीवर सही मिस्त्रींची लागत होती.

त्यांनी वॉचमनला गाठलं. “चार नंबरचा गार हवेचा पंखा बंद पडला होता का रे?”

“शनिवारी रात्री पडला असेल. काल दुपारी आत गेलो तेव्हा दिसला, लगेच चालू केला. स्क्रीनवर तर सारखे उणे अठराच होते, म्हणून बोललो नाही.”

मिस्त्रींनी एक खोकं फोडलं. आतल्या पिशव्या एकमेकींना चिकटून दगड झालेल्या आणि तळाशी गुलाबी बर्फ. ते तसंच उचलून त्यांनी जावईबापूंच्या टेबलावर ठेवलं.

“स्क्रीन बघा ना, काका. उणे अठरा. कूल.”

मिस्त्री बघत राहिले. तीन आणि चार, दोन्ही खोल्यांचे आकडे दशांशापर्यंत तेच. ते तडक गेले आणि तीन नंबरचं दार सताड उघडून उभे राहिले. ऑफिसात दोन्ही आकडे हातात हात घालून वर चढू लागले.

जावईबापूंनी सेन्सर बसवणाऱ्याला फोन लावला. तो बिचारा खरं बोलला. चार नंबरमध्ये पंख्याचा वारा थेट अंगावर येत होता, हात काकडले, म्हणून त्याने दोन्ही सेन्सर तीन नंबरमध्येच बसवून टाकले. तेवढ्यासाठी कोण कुडकुडत बसेल?

जावईबापूंनी केबिनचं दार लावलं. “हे आपल्यातच राहू दे. शिजल्यावर काही कळत नाही. तुम्ही सही करा, मी तुमच्या पत्रावर करतो.” त्यांनी खण उघडून पत्र टेबलावर ठेवलंसुद्धा. “कूल?”

मिस्त्रींनी पत्र पुरतं वाचलं. दोन वर्षं, शिक्का, सहीची रिकामी जागा. मग पावती ओढून तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘माल वितळून पुन्हा गोठलेला. खाण्यास अयोग्य.’ खाली सही केली, तारीख घातली आणि पावती ट्रकवाल्याच्या हातात दिली. ट्रकवाला वाचता येणारा निघाला. त्याने रिकामी गाडी वळवली. खोकी दुसऱ्या दिवशी खड्ड्यात गेली आणि पत्र त्याच दिवशी टोपलीत.

“आवाज तरी चढवलात का?” बायकोने विचारलं.

“कशाला? अक्षर मोठं काढलं होतं.”

तिने त्यांच्या ताटात पहिला घास आपल्या हाताने कालवून ठेवला, आणि ती काही रोज असं करणारी बाई नव्हती.

अठ्ठावन्न पुरी होताच मिस्त्री घरी बसले. जावईबापूंनी जाहिरात दिली. पहिला उमेदवार चार नंबरच्या दारात दोन मिनिटं उभा राहिला, मग लघवीला म्हणून गेला तो गेलाच. दुसऱ्याने आधी जाकीट कोणतं मिळेल ते विचारलं. तिसरा टिकला, पण त्याने मालातच बसून डबा खाल्ला आणि दार उघडं ठेवलं, का तर आत गारठा फार. त्या दिवशी मासळीवाल्या व्यापाऱ्याने आपला सगळा माल बाहेर काढला आणि पायरीवर उभं राहून सांगितलं, “मिस्त्री असतील तिथे मी माल ठेवीन.”

दुपारी मिस्त्रींचा फोन वाजला.

“काका, मी बोलतोय. पत्र केलंय. दोन वर्षांचं. सहीसकट. चार नंबरचं थर्मामीटर उणे सहावर आलंय, आत्ताच्या आत्ता या ना.”

“माल बाहेर काढून तीन नंबरमध्ये टाका. दार लावून घ्या,” मिस्त्री म्हणाले. “आणि पावतीवर मी काय लिहायचं ते मी ठरवणार, तेवढी एक ओळ पत्रात घाला. जेवण झालं की निघतो.”

बायको वाढायला उभी राहिली. मिस्त्रींनी भात मागितला, मग पुन्हा थोडा मागितला.