ओझेलाबाईंच्या पातेल्यातलं हाडूक

माउंट नेबो चर्चच्या वर्धापनदिनाच्या जेवणाला कॉलर्डची पालेभाजी ओझेला बॉयकिन यांच्याच पातेल्यातली असायची, याला एकतीस वर्षं झाली होती. साऊथ कॅरोलायनातल्या त्या गावाने पास्टर बदललेला खपवून घेतला असता. पण जेवणाच्या रांगेत ताट पुढे करण्याआधी ‘भाजी कुणाची?’ हे विचारलंच जायचं. दुसरं नाव निघालं की ताट नम्रपणे पुढे सरकायचं. एकदा कुणाची पानं नीट धुतली गेली नव्हती. त्यांतली वाळू दाताखाली करकरली आणि त्या बाईंच्या सुनेलाही अजून ऐकून घ्यावं लागतं.

यंदा ओझेलाबाईंचं डोकं सकाळपासून तापलं होतं, आणि त्याचं कारण सपाता फटफटवत घरातच हिंडत होतं. नवरा, विल्मर, चर्चचा डीकन, म्हणजे मानाचा पदाधिकारी. ऑगस्टमध्ये रक्तदाब चढून त्याचा डावा हात आठवडाभर लुळा पडला होता. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, धुरी दिलेलं डुकराचं मांस तर कायमचं. पण डीकनसाहेबांनी बायकोला शपथ घातली, चर्चमध्ये कुणाला कळता कामा नये. आता आजार कळलाच नाही, तर तिथल्या बायका प्रेमाने ताट भरणार, आणि हा प्रेमाने ते संपवणार.

म्हणून बाईंनी ठरवलं, यंदा पातेल्यात नेहमीचा धुरी दिलेला डुकराच्या पायाचा तुकडाच नको. टर्कीच्या धुरी दिलेल्या माना आणल्या, उकळून पहिलं खारट पाणी ओतून दिलं, मग कांदा, लाल मिरची आणि मंद आच. एकतीस वर्षांचं नाव पणाला लागलं होतं, म्हणून विल्मरलाही सांगितलं नाही.

तो मात्र दर पंधरा मिनिटांनी झाकण उचलून वास वेगळा येतोय म्हणत होता. झाकण ठेव, एवढंच उत्तर बाई देत होत्या. शेवटी त्यांनी उरलेली पानं उचलली आणि शांतता मिळावी म्हणून मागच्या अंगणात धुवायला नेली. तीन पाण्यांनी धुऊन परत आल्या, भाजी ढवळली, तर डाव कशालातरी अडखळला. चांगलं मुठीएवढं हाडूक, आणि पाण्यावर चरबीचे गोल तवंग.

“विल्मर.”

विल्मर दारात आला. “तू विसरली होतीस. फ्रीझरमधला डुकराचा तुकडा काढून भाजीत टाकला. म्हटलं, वय झालं तुझं, लोकांत शोभा नको.”

बाईंना ओरडायचं होतं. पण ज्याचा जीव वाचवायला नाव पणाला लावलं, तो नाव वाचवायला निघाला होता, त्याच्यावर ओरडावं तरी कसं? त्याला हाडकाइतकी तरी अक्कल असती तर, असं त्या चुलीला ऐकवत राहिल्या. दुसरं मोठं पातेलं शिजवायला वेळ नव्हता. त्यांनी उरलेली पानं आणि शिल्लक राहिलेली एक मान छोट्या भांड्यात चढवली.

दुपारी चर्चच्या हॉलमध्ये भाजी कुणाची हे कळताच रांग त्या पातेल्यापाशी थबकली. चर्चमधल्या बायका एकमेकींना सिस्टर म्हणत; त्यांतल्या सिस्टर इर्नेस्टीनने विल्मरच्या ताटावर डाव धरला, तोच ओझेलाबाईंनी मध्ये छोट्या भांड्यातल्या भाजीचा डबा सरकवला.

“झेला, नको,” विल्मर पुटपुटला.

“ऑगस्टात याचा हात लुळा पडला होता,” बाई सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “मीठ बंद, डुक्कर बंद. मी शपथ मोडली, देव माझं बघून घेईल. तुम्ही याचं ताट बघा.”

मग इर्नेस्टीनने डाव मागे घेतला. मागून कुणीतरी विल्मरच्या ताटातली तळलेली कोंबडी उचलली, दुसरीने मॅकरोनी. विल्मर चार सिस्टरांच्या मधे बसून डब्यातली भाजी चावत राहिला, आणि मीठ नाही असं त्याने तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा चौघींनी एकदम होकारार्थी मान डोलावली.

इर्नेस्टीनने डब्यातला एक घास चाखला. “सिस्टर ओझेला, पुढच्या वर्षी मोठं पातेलं या भाजीचंच कर. आमच्याही घरी एक-दोन हात लुळे पडायच्या बेतात आहेत.”

“करते,” ओझेलाबाई म्हणाल्या. “फक्त सकाळी सात वाजता या माणसाला कुणीतरी घराबाहेर घेऊन जा.”