गुलाबदाणीतले थेंब

संक्रांतीच्या हळदीकुंकवात कुणी गुलाबपाणी शिंपडलं, की माझा हात आपोआप मागे जातो. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही कंधारला राहायचो. थोरल्या जाऊबाई आणि मी घरीच मेणबत्त्या करून बघत होतो. पातेल्यातल्या मेणात ते कडक व्हावं म्हणून पांढरी भुकटी घातली, रंगासाठी लाल मेणखडूचा चुरा घातला, पण वासाचं तेल संपलेलं निघालं. "ती गुलाबदाणी हाय की, वत त्यातलं," जाऊबाई म्हणाल्या. मलाही ते पटलं. गॅसवरच्या मेणातून चांगलाच धूर निघत होता. मी गुलाबदाणी उलटी केली आणि पातेलं नुसतं तडतडायला लागलं. मेण उसळून बर्नरवर सांडलं, भपकन जाळ उठला आणि पार वरच्या फळीला भिडला. मागेच तुळईला झोळी बांधलेली, आणि तिच्यात माझी तान्ही लेक. जाऊबाईंनी बादली उचलली. "अक्का, पाणी नको! पाण्यानंच पेटलंय!" मी किंचाळले, भाकरीची परात पातेल्यावर पालथी टाकली आणि गॅस बंद केला. जाळ विझला, तरी परात काढायची हिंमत दोघींनाही होईना. घरभर गुलाबाचा आणि माझ्या जळक्या केसांचा वास भरला होता. जाऊबाईंनी लेकराला झोळीतून काढलं आणि तिच्या तळपायांवरून हात फिरवत पुटपुटत राहिल्या, "गार हायेत गं, गार हायेत." ती लेक आता माझ्याहून उंच झालीय. परवा लातुरात हळदीकुंकवाला गुलाबपाणी शिंपडलं, तेव्हा ती हसून म्हणाली, "आई, इतका छान वास आणि तू तोंड काय फिरवतेस?" मी तिच्या पायांकडे बघत होते.